कुठल्या कलमाखाली?

२०२५च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीला ऑपरेशन सिंदूरवरची पोस्ट शेअर केल्याबद्दल अटक झाली. पोस्ट तिने काही तासांतच काढून टाकली होती, माफीही मागितली होती. तरी कॉलेजने तिला काढून टाकलं आणि तिची रवानगी येरवड्यात झाली. आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण पेटलं होतं. एक जण म्हणाला, "कॉलेज शिकायला असतं, बोलायला नाही." दुसऱ्याने मला विचारलं, "तू सांग, तुमच्या अमेरिकेत असं होतं का रे?"

त्याला हवं होतं तसं सरळ उत्तर मला देता येईना. मी इथे मिडवेस्टमधल्या एका कॅथलिक विद्यापीठात नोकरी करतो आणि वर्षातून तीन-चार वेळा विद्यार्थ्यांच्या शिस्तभंगाच्या सुनावणीत पॅनलवर बसतो. आपल्याकडे समज असा की अमेरिकेत पहिली घटनादुरुस्ती आहे, म्हणजे कुणीही कुठेही काहीही बोलावं. पण ती दुरुस्ती बांधते सरकारला. सरकारी विद्यापीठ तिच्या कक्षेत येतं, खासगी येत नाही, आणि कॅथलिक विद्यापीठं खासगी. कॅलिफोर्नियाने १९९२मध्ये लेनर्ड कायदा करून खासगी कॉलेजांतल्या मुलांनाही हे संरक्षण दिलं, पण धार्मिक संस्थांना, जिथे ते त्यांच्या श्रद्धेच्या आड येईल तिथे, त्यातून सूट ठेवली.

न्यूयॉर्कच्या फोर्डम या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेतल्या, विद्यापीठाचं उदाहरण घ्या. पॅलेस्टाईनच्या बाजूने काम करू पाहणाऱ्या मुलांनी आपल्या मंडळाला मान्यता मागितली. २०१६च्या नोव्हेंबरात विद्यार्थी प्रतिनिधींनी ती दिली, डिसेंबरात डीनने नाकारली. मुलं कोर्टात गेली, २०१९मध्ये जिंकली आणि २०२०च्या डिसेंबरात अपिलात हरली. मूळ अर्जदार तोवर पदवी घेऊन बाहेरही पडले होते. याउलट पुण्याच्या त्या मुलीला मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी, अटकेला तीन आठवडे व्हायच्या आत, जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेची वाट मोकळी केली. फोर्डमच्या मुलांना असा दिलासा मिळाला नाही. मात्र मान्यता मागितली म्हणून त्यांच्यापैकी कुणी तुरुंगातही गेलं नाही, आणि हा फरक मी लहान मानत नाही.

कॅथलिक विद्यापीठांमधला हा वाद त्यांच्या घरातला आणि जुना आहे. १९६७मध्ये नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स या गावी जमलेल्या कॅथलिक शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींनी जाहीर केलं की कॅथलिक विद्यापीठाला खरी स्वायत्तता हवी, धर्मसत्तेपासूनसुद्धा. १९९०मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या विद्यापीठांचं चर्चशी नातं कसं असावं, याचे नियम घालून दिले. आजही प्रत्येक कॅम्पसवर ही ओढाताण दिसते. मला सगळ्यात शहाणा वाटतो तो वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठाबद्दलचा १९८७चा निकाल. समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळांना विद्यापीठ मान्यता देईना. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सांगितलं, मान्यता देण्याची सक्ती तुमच्यावर करता येणार नाही, पण इतर मंडळांना मिळणारी टपालपेटी, टपालसेवा, निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क यांनाही द्या. संस्थेची श्रद्धा शाबूत राहिली आणि मुलांची टपालपेटीही.

संस्थेने आपला धर्म उघडपणे सांगावा, याला माझी हरकत नाही. प्रवेश घेतानाच कळतं. माझा राग आहे तो मोघम शब्दांवर. इथे 'समुदायाच्या मूल्यांशी विसंगत वर्तन', आपल्याकडे 'संस्थेची बदनामी'. त्यात काहीही बसतं. लिहून दिलेला शब्द मात्र संस्थेलाही बांधतो. मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) या कॅथलिक विद्यापीठाने जॉन मॅकअ‍ॅडम्स या प्राध्यापकांना निलंबित केलं, कारण त्यांनी ब्लॉगवर तिथेच वर्ग शिकवणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीवर नाव घेऊन टीका केली होती. त्यांचं ते वागणं मला अजिबात पटलेलं नाही. पण विद्यापीठाने करारात विचारस्वातंत्र्याचं वचन दिलं होतं, आणि २०१८मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ते पाळायला लावलं.

मला हे इतकं का लागतं, ते सांगतो. १९९६मध्ये पुण्यातल्या माझ्या कॉलेजात होस्टेलच्या पाण्याबद्दल आम्ही भित्तिपत्रक लावलं. प्राचार्यांनी माझं आयकार्ड घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं. "वडिलांना घेऊन ये, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही." बाबा रात्रीच्या एसटीने सोलापूरहून आले आणि केबिनमध्ये हात जोडून उभे राहिले. "सर, पोरगं चुकलं." मी विचारलं, "सर, कुठल्या नियमाखाली?" "उलट बोलतोस?" बाबांनी माझं मनगट घट्ट दाबलं. मी माफीनामा लिहिला. त्याची प्रत मिळाली नाही. काय गुन्हा होता, हे कागदावर कधी आलंच नाही.

गेल्या सेमिस्टरमध्ये आमच्यासमोर एक मुलगी बसली होती. तपशील मुद्दाम थोडे बदलतो. चॅपलसमोरच्या हिरवळीवर तिने, कॅथलिक चर्चला अमान्य असलेल्या, गर्भनिरोधकांबद्दलची पत्रकं वाटली होती आणि शिक्का नसलेली चार पोस्टर्स लावली होती. आरोप दोन, विनापरवाना पोस्टर्स आणि व्यत्यय. दोन्हींची कलमं लिहिलेलं पत्र तिला दहा दिवस आधी मिळालं होतं. नियमपुस्तिकेची छापील प्रत ती घेऊन आली होती, कडेने पिवळ्या चिठ्ठ्या लावलेली. भिंतीवर क्रूस, पॅनलवर एक फादर, एक प्राध्यापिका आणि मी.

"व्यत्यय कशात आला?" तिने विचारलं. आवाज कापत होता. फादरांनी त्या आठवड्याचं मिस्साचं, म्हणजे चॅपलमधल्या उपासनेचं, वेळापत्रक मागवलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "त्या वेळी चॅपल रिकामं होतं." त्या पत्रकांनी खोलीत सर्वांत जास्त दुखावलेला माणूस तोच होता. व्यत्ययाचा आरोप गळून पडला. पोस्टर्सबद्दल ताकीद राहिली. मला तीही नको होती, पण मतं दोन विरुद्ध एक पडली.

उठता उठता तिने विचारलं, ही ताकीद माझ्या फाइलमध्ये किती दिवस राहणार? फादरांनी पान उलटून उत्तर दिलं, पदवी मिळेपर्यंत, आणि कलमाचा क्रमांक सांगितला. तिने तो आपल्या प्रतीच्या समासात लिहून घेतला.