तीनदा सर्वेक्षण झालं, सांगायला कोणी आलं नाही

नमस्कार,

गेल्या लेखात मी म्हटलं होतं की सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, वर्गात कमी आणि वस्तीवर जास्त शिकवली पाहिजे. त्यावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून, 'सत्तरीतला एक शिक्षक' एवढीच सही करून तुम्ही लिहिलंत: "आमच्या वाड्याचं तीनदा सर्वेक्षण झालं. बायकांनी हातची कामं टाकून फॉर्म भरून दिले. पुढे काय झालं ते सांगायला कोणी फिरकलं नाही. गरिबाला डॉक्टर हवा, गोळी हवी, पदवीवाले नकोत. आणि गोव्यासारख्या सुखी राज्यात वंचित शोधायला निघालात याचं नवल वाटतं."

तुमचं पहिलं वाक्य वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकले नाही. विद्यार्थिनी असताना मीही असाच एक वाडा, म्हणजे छोटी वस्ती, पालथा घातला होता. चाळीसेक घरं, प्रत्येक घरात पाऊण तास. एका आजीने मला बसायला पाट दिला आणि स्वतः जमिनीवर बसून सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. प्रबंध सादर झाला, गुण मिळाले, मी परत गेले नाही. कोणी जा म्हटलं नव्हतं हे खरं, पण ते कारण होऊ शकत नाही. म्हणून तुमचा राग मला परका वाटत नाही.

पण त्यावरून पदवीच नको, हे मला पटत नाही. का, ते सांगते.

२०१५ साली सत्तरीत माकडतापाची साथ आली, ती तुम्ही जवळून पाहिली असणार. हा आजार पहिल्यांदा सापडला १९५७ साली, शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात. गोचिडीतून तो माणसाला होतो. त्याचा जोर असतो उन्हाळ्यात, म्हणजे नेमका काजूच्या दिवसांत, आपली माणसं पातेऱ्यात वाकून बोंडू वेचत असतात तेव्हा. गोचीड अंगाला लागू नये म्हणून आरोग्य खात्याने तेलाच्या बाटल्या वाटल्या. साथीनंतरच्या एका हंगामात मी एका काजूच्या बागेत गेले, तर बाटली झोपडीच्या कुडाला टांगलेली होती. भरलेली, बूच तसंच. मी विचारलं, तेल का लावत नाही? काठीच्या खिळ्याने बोंडू उचलता उचलता ती बाई म्हणाली, "बाय, हाताक तेल लागलें काय बी निसटता, आनी नीऱ्याक वास मारता." बोंडूची बी हातानेच पिळून काढायची असते, आणि रसाला, म्हणजे नीऱ्याला, वास लागला की फेणीचा भट्टीवाला तो घेत नाही. म्हणजे तेल लावायचं तर दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचं.

या बाईला आरोग्यशिक्षण हवं होतं, असं कोणताही अहवाल लिहून मोकळा झाला असता. ती अडाणी नव्हती. तिचा हिशेब चोख होता. बाटली वाटणाऱ्यांनी बी कशी पिळतात हे पाहिलं नव्हतं. आम्ही मग पूर्ण बाह्यांचा सदरा, तेल पायांना आणि पोटऱ्यांना, नंतर साबणाने हात धुऊनच बोंडूला हात, असं तिच्याशीच बोलून ठरवलं. ही गोष्ट गोळीने होत नाही. दिवसाला शंभर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला बागेत जाऊन उभं राहायला वेळ कुठून मिळणार? ते काम ज्याचं आहे, त्याला शिकवायला नको का?

डॉक्टरच हवा, या मुद्द्यावर आपल्याच गोव्याचं उदाहरण देते. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगत' संस्थेने नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखान्यांत त्याचा अभ्यास झाला आणि २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं, खाजगीत तसा फरक दिसला नाही. गरीब माणूस जातो त्याच दारात याचा उपयोग झाला, हे मला फार मोलाचं वाटतं. अशा समुपदेशकांना शिकवायचं, त्यांच्यामागे उभं राहायचं, फायदा खरंच होतो का ते मोजायचं, यासाठी माणसं तयार करावी लागतात. बाहेरची पदवी घेऊनही माणूस मातीला धरून राहू शकतो. जामखेडचं आरोळे दांपत्य आणि गडचिरोलीचं बंग दांपत्य, दोघंही जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि खेड्यातच उभे राहिले.

आता सुखी राज्याबद्दल. राज्याची सरासरी चांगली आहे, मान्य. पण सरासरीत कोण झाकलं जातं? देशभर २००५ पासून आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, गोव्यात ती योजना राबवलीच गेली नाही. दारोदार जायचं काम परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांवरच राहिलं. डोंगरातल्या धनगर घरापर्यंत ती एकटी परिचारिका किती वेळा पोचेल? आणि बांधकामावरचे, कर्नाटकातल्या कोप्पळ, गदगचे मजूर घ्या. त्यांच्यासाठी आरोग्य कार्ड आहे, त्यासाठी मलेरियाचं रक्त तपासतात. तपासणी हवीच, कारण साइटवरच्या टाक्यांत आणि साचवलेल्या पाण्यात मलेरियाचा डास वाढतो. पण त्या कार्डात मजूर दिसतो तो रोग आणणारा म्हणून. त्याच पत्र्याच्या शेडमध्ये सातव्या महिन्यातली बाई असते, साइट संपली की ती दुसऱ्या तालुक्यात जाते आणि तिची गरोदरपणाची नोंद मागेच राहते. तिच्याकडे बघायला विद्यार्थ्याला कोण शिकवतं, हाच माझा मूळ लेखाचा प्रश्न होता. तो मी नीट मांडला नाही, हे तुमच्या पत्रामुळे कळलं.

दोन गोष्टी मात्र तुमच्याकडून घेते. एक, सर्वेक्षणाचे निष्कर्ष वाड्यावर, तिथल्या भाषेत, लोकांसमोर वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. लोकांनी चूक दाखवली तर ती प्रबंधात यावी. दुसरी, प्रवेशाची. वर्षानुवर्षं डोंगर चढणारी परिचारिका, मलेरियाचा कर्मचारी, अंगणवाडीची पर्यवेक्षिका, यांना या वर्गात जागा आणि फीची सोय हवी. त्यांना वस्ती शिकवावी लागणार नाही, आकडेवारी तेवढी शिकवावी लागेल.

त्या तीन सर्वेक्षणांची वर्षं आणि कोण आलं होतं, एवढं आठवत असेल तर कळवा. त्यांचे अहवाल मिळवायचा प्रयत्न मी करते. मिळाले तर फेब्रुवारीत, बोंडू पडायला लागायच्या आधी, शाळा सुटल्यावर तुमच्या वाड्यावर बसून ते वाचू. ज्या बायकांनी फॉर्म भरले त्यांना तेवढं आधी सांगून ठेवाल का?