पित्ताची गोळी आणि घाबरवणारा मेसेज

“रोज पित्ताची गोळी खाताय? किडनी गेली, हाडं पोकळ झाली, स्मरणशक्ती संपली, कॅन्सर ठरलेला! आजच गोळ्या फेका, सोडा प्या.” कोल्हापुरातल्या पेठांपासून उपनगरांपर्यंत ग्रुपाग्रुपांत हा मेसेज फिरतोय. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच तो पसरतो.

पित्ताची गोळी म्हणजे इथे पोटातलं आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी. किडनीचं आधी. या गोळीने क्वचित किडनीला सूज येते, हे खरं. पण ‘गेलीच’ कुठून आलं? गोळी खाणाऱ्यांत मुळातच शुगर, बीपी, पेनकिलरवाले जास्त. नुसत्या नोंदी पाहिल्या की दोष गोळीवर येतो. म्हणून 2019 साली आलेली चाचणी महत्त्वाची. सुमारे 17,600 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल 40, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, सरासरी तीन वर्षं. किडनी, हाडं, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक नाही. आतड्याचे संसर्ग मात्र जास्त: 1.0 टक्क्याऐवजी 1.4. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हेही मान्य. हाडांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये इशारा दिला होता, तो मुख्यतः जास्त डोस किंवा वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांसाठी.

कॅन्सरच्या भीतीत बहुधा रॅनिटिडिन या पित्तावरच्याच दुसऱ्या औषधाची सरमिसळ आहे. अशुद्धीमुळे 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं. ते औषध वेगळ्या गटातलं.

‘आजच फेका’ हा सल्ला मात्र खरा घातक. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळून येतं, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, सवय लागली.’ स्टेंटनंतर ॲस्पिरिन चालू असलेल्याने ही पित्ताची गोळी परस्पर बंद केली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि सोडा? त्यात सोडियम, बीपीवाल्याने रोज तो प्यावा म्हणजे कमालच.

मेसेजला सुचलंच नाही ते असं: वर्षानुवर्षं घेतल्यास बी12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी12 तपासून घ्याच.

आपल्याकडचा घोळ निराळाच. मिसळीवर दोनदा कट मागवायचा आणि बाहेर पडताना मेडिकलमधून ‘पित्ताची एक स्ट्रिप’. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. कट पोटात गेल्यावर तिचा उपयोग फारसा नाही. साध्या जळजळीला चार ते आठ आठवडे सहसा पुरतात. पुढे डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवा. गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका.