गाडीला उतार असतो, नावेला नसतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

जुन्या जीपचं डिझेल इंजिन मच्छीमारांच्या नावेत बसवताना काय काय बदलावं लागतं, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच चिडून लिहिलंत. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत ज्याची उमर गेली, तो माणूस इंजिनाबद्दल बोलतो तेव्हा ते दोनदा वाचावं लागतं. मी वाचलं. तुमचं म्हणणं असं : इंजिन ते इंजिन, ट्रकमध्ये लाखो किलोमीटर पळतं ते नावेत का पळणार नाही? गोदावरीचं पाणी गोडं आहे, ते सरळ ब्लॉकमध्ये सोडावं. गिअरबॉक्स गाडीचाच ठेवावा. आणि शेवटी, मी गरीब भोई-कोळ्यांना घाबरवून कंपन्यांच्या महागड्या मरीन, म्हणजे खास नावांसाठीच्या, सामानाची जाहिरात करतोय.

पाण्यापासून सुरू करतो, कारण तिथं अर्धं तुमचंच बरोबर आहे. मी लिहिलं होतं की बाहेरचं पाणी ब्लॉकमध्ये फिरवलं तर इंजिन सडतं. ते समुद्राला लागू, नाथसागराला, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या तळ्याला, नाही. इथं मीठ नाही. हे वाक्य मी लेखात दुरुस्त केलंय.

पण गोडं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे, काका. पावसाळ्यात नाशिक-नगरकडून पूर येतो तेव्हा कायगाव टोक्याजवळचं पाणी बघा, चहासारखं असतं. आमच्या पहिल्या नावेत आम्ही तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. पंप बसवला, पाणी ब्लॉकमधून फिरवून बाहेर सोडलं. एका हंगामानंतर ब्लॉकच्या बाजूचा कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या पोकळीवरचं पत्र्याचं बूच, काढला, तर पाणी आलंच नाही. चिखल होता, घट्ट, लोण्यासारखा. चौथ्या सिलिंडरभोवतीचा तर सायकलच्या स्पोकनं खरवडून काढावा लागला.

दुसरी अडचण तापमानाची. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, थर्मोस्टॅट, काढून टाकली तर तळ्याच्या गार पाण्यानं इंजिन तापतच नाही. थंड डिझेल इंजिन धूर ओकतं, न जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल धुऊन काढतं. थर्मोस्टॅट ठेवला तर ब्लॉक तापतो, आणि गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसा आतून चढायला लागतो.

मग इंजिनाचं पाणी बाहेरच्या पाण्यात न मिसळता गार करणारा महागडा हीट एक्सचेंजर घ्यायचा का? नाही. नावेच्या तळाला बाहेरून दोन पाइप बसवायचे आणि इंजिनाचं पाणी, कूलंट घालून, त्यातूनच फिरवायचं. रेडिएटरचं काम अख्खं तळं करतं. आमच्या नावेला दीड इंची, वीस-वीस फुटांचे दोन जीआय पाइप आहेत. गाडीचाच वॉटर पंप, गाडीचाच थर्मोस्टॅट. पाइप, बेंड आणि वेल्डिंग, एवढाच खर्च.

आता तुमचा पहिला मुद्दा. ट्रक पैठणहून संभाजीनगरला जातो तेव्हा इंजिन पूर्ण ताकद कितीदा लावतं? चढाला, ओव्हरटेकला. बाकी वेळ निम्म्याहून कमी ताकदीवर चालतं, उताराला तर गाडीच इंजिनाला ढकलते. नावेला उतार नाही. किनारा सोडल्यापासून परत येईपर्यंत एकच चढ, जणू कन्नडचा घाट संपतच नाही. म्हणून गाडीच्या इंजिनाची पाटीवरची अश्वशक्ती नावेत धरायची नसते. नावेला ढकलणाऱ्या पंख्याचा हिशोब असा आहे की फेरे वाढले की लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं वाढते. उलटं बघितलं तर हाच आपला फायदा : ३००० ऐवजी २४०० आरपीएमवर चालवलं तर लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि नावेचा वेग तेवढा पडत नाही. आम्ही अॅक्सिलरेटरला २४०० वर स्टॉपर लावलाय. लावला तेव्हा पोरं नाराज होती. डिझेलचा हिशोब बघितल्यावर कोणी काढा म्हणालं नाही.

गिअरबॉक्सवर मात्र मी माघार घेणार नाही.

गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, चाकं फक्त फिरवतो. गाडीला पुढं ढकलणारा जोर चाकांकडून अॅक्सलच्या हाउसिंगला, स्प्रिंगच्या पाट्यांना आणि चासीला जातो, गिअरबॉक्सच्या वाट्याला येत नाही. नावेत पंखा पाण्याला मागं रेटतो आणि तितक्याच जोरानं शाफ्टला पुढं रेटतो. तीस-चाळीस अश्वशक्ती पाण्यात उतरली की हा रेटा तीन-चारशे किलोपर्यंत सहज जातो. हे सगळं वजन गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर, तासन् तास, एकाच दिशेनं. ते बेअरिंग त्यासाठी घडवलेलंच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ज्येष्ठाचे दिवस होते, वारा सुटलेला, आणि आम्ही तिघं पाण्याच्या मधोमध. नाथसागर लांबीला पन्नास किलोमीटरच्या वर आणि रुंदीला सत्तावीसपर्यंत, मधून किनारा नीट दिसत नाही. आधी बारीक किरकिर आली. मग सुकाणूवरचे मामा म्हणाले, “भाऊ, रेस घेतंय पर जोर न्हाई.” गिअर आपोआप सुटत होता. दाबून धरला तर कडकड आवाज. लाटा बाजूनं आपटत होत्या आणि आम्ही अडीच तास वल्ही मारली. रात्री कंदिलाच्या उजेडात गिअरबॉक्स उघडला. ऑइलमध्ये चांदीच्या रंगासारखी चमक, मागच्या बेअरिंगची जाळी तुकडे तुकडे, आणि बाहेरची रिंग निळी पडलेली. निळी म्हणजे किती तापली असेल ते तुम्हाला सांगायला नको. मामांचे तळहात फुटले होते. ते हात बघितल्यापासून या विषयावर मी मऊ बोलत नाही.

तुमचा सल्ला टाकाऊ आहे असं मात्र नाही. गाडीचा गिअरबॉक्स चालतो, रेटा वाटेत अडवला तर. ट्रकच्या पुढच्या चाकाच्या हबची, बाजूचा रेटाही पेलणारी, दोन टेपर बेअरिंगं एकमेकांकडं तोंड करून एका घरात बसवायची, एक पुढच्या रेट्याला, एक मागच्या. ते घर लेथवाल्याकडून करून घ्यायचं आणि इंजिनाच्या नव्हे, नावेच्या फाउंडेशनला बोल्ट करायचं. त्या घराच्या आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्रॉस (वाकणारा सांधा) आणि सरकणारा स्लीप जॉइंट असलेला छोटा शाफ्ट. म्हणजे गिअरबॉक्सकडं फक्त फिरणं राहतं. आमची दुसरी नाव अशीच चालते.

तरीही दोन गोष्टी उरतात. जड नावेला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लागतो, म्हणून टॉपऐवजी तिसऱ्या गिअरवर चालवावं लागतं. टॉपमध्ये ताकद सरळ जाते, तिसऱ्यात बाजूच्या काउंटर शाफ्टच्या दात्यांवरून जाते, आणि दोन तास सलग तिसऱ्यात रस्त्यावर कोण चालवतं? त्यात खालून वारा नाही, ऑइल तापतं. दुसरी गोष्ट रिव्हर्स. नावेला ब्रेक म्हणजे रिव्हर्स. गाडीचा रिव्हर्स पहिल्या गिअरसारखा, इंजिनाचे चार फेरे तेव्हा पंख्याचा साधारण एक. जाळ्यावर किंवा दुसऱ्या नावेवर चाललेली नाव त्यानं थांबत नाही. सेकंडहँड मरीन गिअरबॉक्स मिळाला तर घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

व्हॅनचं पेट्रोल इंजिनही चालेल, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. ते कृपा करून कुणाला सांगू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीत ती खालून निघून जाते, नाव म्हणजे बंद परात, वाफ तळाशी साचते. आणि सेल्फची, म्हणजे स्टार्टरची, एक ठिणगी पुरते.

राहिला जाहिरातीचा आरोप. नवा मरीन गिअरबॉक्स भंगारातल्या जीप इंजिनापेक्षा महाग पडतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तर टेपर बेअरिंगचा खटाटोप केला. पण काही खर्च टाळता येत नाही. संभाजीनगर आणि जालना याच तळ्याचं पाणी पितात, १९८६पासून हे पक्षी अभयारण्यही आहे. इंजिनाखाली पत्र्याचा बंद ट्रे हवाच, म्हणजे गळलेलं ऑइल नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात मिसळून पंपानं बाहेर जाणार नाही. आणि इंजिन बसवलं की २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नावेची तपासणी आणि नोंदणी आली. तपासणारा माणूस आधी सायलेन्सरचा पाइप बघतो, तो उघडा ठेवू नका, न जळणारी, उष्णता रोखणारी दोरी गुंडाळून झाका.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की पैठणला या. नाव तुमच्या हातात देतो. तासभर चालवा आणि मग त्या टेपर बेअरिंगच्या घराला हात लावून बघा. मला ते अजून हवं त्यापेक्षा गरम लागतं. ग्रीसऐवजी ऑइलमध्ये चालवावं की बेअरिंग एक नंबर मोठं घ्यावं, हे मला ठरवता आलेलं नाही. एसटीच्या हबवर तुमचा हात किती वर्षं होता, ते तुम्हीच लिहिलंय.