किडनीच्या नसेत स्टेंट टाकला की बीपीच्या गोळ्या सुटतात?

नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय: "बीपी गोळ्यांनी उतरत नाही म्हणजे किडनीची नस आवळलीय. ऑपरेशन करा नाहीतर स्टेंट टाका. बीपी कायमचं जातं, किडनी वाचते. प्रिल-सार्टनच्या गोळ्या आजच बंद करा." स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी; प्रिल-सार्टन म्हणजे नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या बीपीच्या गोळ्या. धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात लोक तो मेसेज मोबाइलवर उघडूनच आत येतात.

बीपी उतरत नसलं की आधी मी चुकलेल्या गोळ्या, लोणचं-पापड, गुडघ्यासाठी रोज घेतलेली पेनकिलर आणि घोरणं यांबद्दल विचारतो. नस त्यानंतर.

मेसेजमध्ये सत्याचा अंश आहे. 1934 मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची रोहिणी चिमट्याने आवळली आणि बीपी चढलं. रक्त कमी पोचलं की किडनी बीपी चढवणारं रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्याचा हा परिणाम. पण साठीनंतर चरबी साचून नस अरुंद होते, तेव्हा बीपी बहुतेकदा कित्येक वर्षं आधीपासून असतं आणि किडनीच्या आतल्या बारीक नसाही खराब झालेल्या असतात. कालव्याचं दार उघडलं, पण शेतातल्या चाऱ्याच बुजल्या असतील तर पाणी जाणार कुठे?

हा नुसता तर्क नाही. 2009 च्या 'अ‍ॅस्ट्रल' चाचणीत 806 रुग्ण होते, 2014 च्या 'कोरल'मध्ये 900 हून अधिक. स्टेंट आणि गोळ्या विरुद्ध नुसत्या गोळ्या, अशी तुलना होती. 'कोरल'मध्ये मृत्यू, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं वगैरे मिळून प्रमाण स्टेंटवाल्यांत 35.1 आणि नुसत्या गोळ्यांवाल्यांत 35.8 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. वरच्या बीपीत फरक जेमतेम 2 अंकांचा. त्यासाठी मांडीतून तार घालायची?

पोट उघडून पायाची शीर जोडायची बायपास आता क्वचितच होते; महारोहिणीचंही, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचंही, ऑपरेशन लागणार असेल किंवा आतून फुगा फुगवून नस रुंद करणं जमलं नसेल, तेव्हा.

अपवाद आहेत, आणि मेसेज नेमके तेच गाळतो. तरुण बाईच्या नसेची भिंतच गाठाळ झाली असेल, तर बहुधा स्टेंटशिवाय नुसता फुगा फुगवूनही छान गुण येतो. ताकायासूच्या आजारात, म्हणजे मोठ्या रोहिण्यांना सूज येते त्यात, आधी सूज शमवावी लागते. फुप्फुसात अचानक, वारंवार पाणी भरत असेल, तर मीच स्टेंटचा विचार करा म्हणेन.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र घातक. एकाच बाजूची नस अरुंद असेल तर याच गोळ्या कामाच्या. दोन्ही बाजूंच्या अरुंद असतील, किंवा किडनी एकच असेल, तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढू शकतं; म्हणून गोळी सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. परवा एक काका मेसेज वाचून सार्टन सोडून आले. बीपी 190. जुना रिपोर्ट काढला, क्रिएटिनिन 1.0, म्हणजे नॉर्मल.