‘हलकं काम’ म्हणजे नेमकं काय?

आजारपणानंतर कामावर परतणाऱ्यांबद्दलचा तुमचा लेख चांगला आहे, पण तो ‘काही दिवस हलकं काम द्यावं’ एवढ्यावरच थांबतो. हलकं म्हणजे काय, हे ठरवणार कोण? इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमच्या वर्कशॉपमधले एक काका हृदयाच्या बायपास ऑपरेशननंतर कामावर आले. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर वजन उचलायचं नाही. सर्टिफिकेटवर नुसतं ‘लाइट ड्यूटी’. मॅनेजरने स्टोअरला बसवलं, तर तिथे दिवसभर बेअरिंगच्या पेट्या उचला! शेवटी सुपरवायझरने डॉक्टरांकडून नीट लिहून आणायला लावलं: किती किलोपर्यंत, किती वेळ उभं राहायचं, नाइट शिफ्ट चालेल का. मग इन्स्पेक्शन टेबल, उंच स्टूल आणि जनरल (दिवसाची) शिफ्ट मिळाली. खर्च म्हणाल तर स्टुलाचा.

कायद्याबद्दल लेखात काहीच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा द्यावी लागते. खासगीत ही हमी नाही, आणि बायपास झालेला माणूस सहसा दिव्यांगांत मोडतही नाही. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) आजारपणाचा भत्ता पगाराच्या साधारण ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस. तो चालू असताना कामावरून काढता येत नाही. पण अर्धा दिवस काम आणि उरलेल्याचा भत्ता, असं मधलं काही नाही. एक तर घरी बसा, नाहीतर पूर्ण आठ तास भरा. कुणा एचआरवाल्याने यावर तोड काढली असेल तर जरूर लिहा.