दवाखान्याला खेटून औद्योगिक वसाहत कशी आणावी

भाऊ, सरकारी दवाखान्याशेजारी वीस-पंचवीस एकर मोकळं रान असणं हे भाग्य सगळ्यांच्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या सातबाऱ्यावर आहे. किंवा परवापर्यंत नव्हतं आणि हद्दवाढीची कुजबुज सुरू झाल्यावर आलं असेल, आम्ही खोदून विचारत नाही. उपजिल्हा रुग्णालयाची भिंत, तिला लागून ज्वारी-हरभऱ्याचं शेत, पलीकडे राज्य महामार्ग. अशा जागेकडे बघून ज्याला नुसतं पीक दिसतं त्याने खुशाल शेती करावी. तुम्हाला तिथे गोदामं, पत्र्याच्या शेड, वजनकाटा आणि भूमिपूजनाचा मंडप दिसतो, म्हणून हे चार शब्द.

दवाखान्याकडे अडचण म्हणून बघू नका. त्याच्यासाठी रस्ता झाला, वीज आली, पाण्याची लाईन आली, तीही सरकारी खर्चाने. तुम्हाला फक्त भिंतीपलीकडून हात लांब करायचा आहे.

आधी शहराचा विकास आराखडा काढा. तुमच्या रानावर बहुधा एखादं आरक्षण पडलेलं असेल : 'रुग्णालय विस्तार', 'परिचारिका वसतिगृह' असं काहीतरी. कच्चा माणूस इथे घाबरतो आणि मुंबईच्या चकरा सुरू करतो. तुम्ही चकरा मारू नका. काहीच करू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात कलम १२७ नावाची एक सोय आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, संपादनाची घोषणाही निघाली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. नोटिशीनंतर २४ महिन्यांत काही पाऊल उचललं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. पूर्वी ही मुदत कमी होती, २०१५ मध्ये ती वाढवली. जागा वाचवायला पालिकेला जास्त वेळ मिळावा असा त्यामागचा हेतू. पालिका तो वेळ कसा वापरते हे तुम्ही जाणताच.

त्या २४ महिन्यांत फाईल काय करते तेही ऐकून ठेवा, म्हणजे झोप उडणार नाही. पालिका दवाखान्याला विचारते, जागा हवी का? वैद्यकीय अधीक्षक लिहितात, हवी, तातडीने हवी. ते पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातं, तिथून आरोग्य उपसंचालकांकडे, तिथून अंदाजपत्रकासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. बांधकाम विभाग विचारतो, जागेचा ताबा आहे का? नाही, ताब्यासाठीच तर चाललंय. मग ताबा आल्यावर अंदाजपत्रक पाठवू. इकडे पालिका म्हणते, अंदाजपत्रक आल्याशिवाय निधी कसा मागायचा? भाऊ, ही फाईल अडवायच्या भानगडीत पडू नका, उगाच नाव येईल. तिला तिच्या पायांनी चालू द्या.

या काळात तुम्ही मोर्चा काढा. हो, दवाखान्यासाठीच. '५० खाटांचं १०० खाटांचं श्रेणीवर्धन झालंच पाहिजे!' सगळ्यात पुढे तुम्ही, हातात निवेदन. श्रेणीवर्धन मंजूरही होईल, कारण खाटा मंजूर करायला जमीन लागत नाही, कागद लागतो. त्या टाकायच्या कुठे, हा प्रश्न पुढे येईल तेव्हा तुमचं आरक्षण उठलेलं असेल आणि रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात गाद्या पडलेल्या असतील. तो फोटो पुढच्या मोर्च्याला वापरता येतो.

आरक्षण उठलं तरी जमीन शेती विभागातच राहते, म्हणजे नकाशावर हिरवी. औद्योगिक विभागाचा रंग जांभळा. हिरव्याचं जांभळं करायला त्याच कायद्याचं कलम ३७, आराखड्यात किरकोळ फेरबदल. पंचवीस एकर रानाचा कारखाना होणं किरकोळ कसं, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते आधी काढून टाका. ठराव सर्वसाधारण सभेत आणायचा, पण विषयपत्रिकेवर नाही. त्यासाठी 'ऐनवेळचे विषय' असतात. जेवणाची वेळ टळून गेलेली, अर्धे नगरसेवक गाडीत बसलेले, अशा वेळी विषय वाचला की 'मंजूर, मंजूर' व्हायला एक मिनिट लागत नाही.

मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकती-सूचनांना एक महिना. महिना निवडताना पंचांग बघा. गणपती येऊन दिवाळी लागेपर्यंतचा काळ शुभ. वर्तमानपत्र असं निवडा की ते निघतं हे फक्त त्याच्या संपादकाला आणि जाहिरात विभागाला ठाऊक असावं. नोटिशीच्या मजकुरात दवाखाना हा शब्द येऊ देऊ नका. गट क्रमांक लिहा, 'पैकी' लिहा, चतुःसीमेत 'पूर्वेस : शासकीय मालमत्ता' एवढंच लिहा. खोटं काहीच नाही. दवाखाना शासकीय आहे आणि मालमत्ताही आहे. एखादा निवृत्त मास्तर तरीही शोधून काढेलच आणि चार पानी हरकत टाकेल. त्याला सुनावणीला बोलवा, चहा द्या, पूर्ण ऐकून घ्या. अहवालात लिहायचं वाक्य तयार आहे : 'हरकतदारास ऐकले. हरकतीत तथ्य आढळून येत नाही.'

आता आवाजाचं. इथे तुमचा सल्लागार घाम पुसेल, पण खरी गंमत इथेच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५, रात्री ७०. म्हणजे कागदावर शंभराव्या मीटरपर्यंत रात्री ४० डेसिबल आणि एकशे एकाव्या मीटरपासून ७०. ऐकायला तीसचा फरक वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. ध्वनीच्या तीव्रतेत हा फरक १००० पटींचा आहे. सभेत हे कुणी विचारणार नाही. विचारलंच तर आवाजाने शंभराव्या मीटरवर थांबावं अशी नियमात अपेक्षा आहे, असं सांगा. अंमलबजावणी ही आवाजाची जबाबदारी.

आणि तेवढीही चिंता नको असेल तर १० ऑगस्ट २०१७ ची दुरुस्ती पाठ करून ठेवा. त्या दिवशी केंद्राने नियमात घातलं की राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कुठलाही परिसर शांतता क्षेत्र नाही. दवाखाना आहे, आत माणसं कण्हताहेत, हे पुरेसं नाही, राजपत्र पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली, मग सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली. ऐन गणपतीत हे चाललं होतं, त्यामुळे लोकांना वाटलं प्रश्न डीजेचा आहे. तुमच्यासारख्या दूरदर्शी माणसाने त्यातून रात्री दोन वाजता मागे येणाऱ्या ट्रकचं भवितव्य ओळखायचं असतं. रिव्हर्स टाकल्यावर वाजणारी ती ट्रकची धून बाळंतिणीच्या वॉर्डापर्यंत स्पष्ट ऐकू जाते, असा आमचा अनुभव आहे.

पहिल्या १०० मीटरमध्ये नकाशावर बाग दाखवा. गोल गोल झाडं, मध्ये कारंजं, बाकावर आजोबा. कारंजाच्या जागी पुढे ट्रक टर्मिनल झालं तरी आजोबांना हलवू नका, ते ड्रायव्हर म्हणून खपतात.

कुणी प्रदूषणाचा मुद्दा काढलाच तर बचावात जाऊ नका, उलटून चाल करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची रंगांप्रमाणे नवी वर्गवारी केली : लाल सगळ्यात प्रदूषक, मग केशरी, हिरवा आणि तेव्हा नव्याने आलेला, सगळ्यात निरुपद्रवी पांढरा. त्या यादीत दवाखानाही आहे, आणि कुठे? दिवसाला एक लाख लिटरहून जास्त सांडपाणी सोडत असेल किंवा आवारात कचरा जाळायची भट्टी असेल तर लाल, नाहीतर केशरी. तुमच्या शेडमध्ये नुसती जुळणी आणि पॅकिंग होणार असेल तर तुमचा माल हिरव्यात, नशीब असेल तर पांढऱ्यात. म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रदूषण करणारा शेजारी तो, आणि सोसणारे तुम्ही. संरक्षक पट्टा सोडायचाच असेल तर तो रुग्णालयाने आपल्या हद्दीत सोडावा, असं निवेदन द्या. जिल्हाधिकारी चष्मा काढून तुमच्याकडे बघतील. नजर चुकवू नका, नियम तुमच्या बाजूने आहे.

पर्यावरण मंजुरीचं फार मनावर घेऊ नका. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे ती लागते. तुम्ही १९,९०० वर थांबा. शेजारी वहिनींच्या नावाने दुसरी कंपनी, तीही १९,९०० वर थांबेल. तिसरी मेहुण्यांची. तीन स्वतंत्र उद्योजक, एकच गेट, एकच वॉचमन. कुटुंब एकत्र असलं की हे जमतं.

भिंतीलगतच्या चिंचेचा प्रश्न उरतो. रुग्णांचे नातेवाईक तिच्याखाली डबा सोडतात, म्हणून तिच्याबद्दल लोकांना माया असते. नागरी क्षेत्रातल्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. तेव्हा चिंच तरुण निघाली पाहिजे. तिचं वय तिला विचारता येत नाही आणि जन्माचा दाखला पालिकेत नाही, एवढं पुरेसं आहे. अठरा-वीस वर्षांची ठरली तर वीस रोपांत काम होतं, ती एका वाढदिवसाला लागतात.

वाहतुकीचा अभ्यास मात्र नीट करा, नाहीतर अभ्यासात वाहतूक सापडते. गाड्या मोजायला माणसं रविवारी बसवा, बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. आठवडी बाजार रविवारी असेल तर दुसरी सुट्टी शोधा. कारखान्याचं मुख्य गेट अपघात विभागाच्या बरोबर समोर घ्या, तिथेच दुभाजकाला तोडलेला भाग आयता आहे. शिफ्ट सुटणं, केसपेपरची रांग आणि शाळेच्या रिक्षा ही तिन्ही एका वेळी आली की परिसर गजबजलेला दिसतो, आणि भूखंडाचे दर गजबजाटावर ठरतात. हिंजवडीला कामाला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा : कारखाने आणि कचेऱ्या आधी येतात, रस्ता नंतर येतो, मेट्रो त्याच्याही नंतर. तिथे तासन्‌तास अडकून पडतात ते निदान धडधाकट लोक असतात, एवढाच फरक.

रुग्णवाहिकेचं काय, असं कुणी विचारलं तर कायदा दाखवा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, फोन केला की गाडी निघते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांचा दंड ठेवलाय. वाट देणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. वाट शिल्लक ठेवणं नकाशा काढणाऱ्यावर बंधनकारक आहे, असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाचा दाखला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. तिथे उलटंच झालं. रोजगारासाठी खापरी, दहेगाव भागातली हजारो एकर जमीन घेतली, आणि त्याच आवारात दीडशे एकर मोजून एम्सला दिली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी लोकार्पण केलं. दवाखान्याला स्वतःची जागा, वाढायला वाव, सगळं आधी ठरलेलं. अशा ठिकाणी तुमच्या-आमच्यासारख्यांनी करायचं काय?

रोजगाराबद्दल एवढंच, की भाषणात ८० टक्के म्हणा. शासनाचे निर्णयच आहेत तसे. ते ८० टक्के संपूर्ण राज्यातल्या रहिवाशांसाठी आहेत, गावातल्यांसाठी नाहीत, हे माईक बंद झाल्यावर सांगितलं तरी चालतं. ज्यांची जमीन गेली त्यांना सिक्युरिटीत घ्या. आपल्याच शेताची राखण त्यांच्याइतकी कोण करणार?

वसाहत सुरू झाली, दोन-तीन कंपन्या नफ्यात आल्या, की सामाजिक दायित्वाचा विषय निघेल. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम त्यावर खर्च करावी लागते. त्यांना दूर कुठे शाळा बांधायला जाऊ देऊ नका, शेजारी दवाखाना असताना. एक रुग्णवाहिका द्यायला लावा, हस्ते तुमच्या. खर्च गाडीच्या आतल्या सामानावर करण्यापेक्षा रंगकामावर करा. दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर वसाहतीचं नाव, त्याखाली तुमचं, अक्षर हातभर मोठं. नेहमीच्या गाडीवरचा मजकूर झरकन निघून जातो. ही सकाळी नऊला तुमच्याच गेटसमोर निदान वीस मिनिटं उभी राहील, लोकांना निवांत वाचता येईल.