शॉकअप गेला, दोष स्प्रिंगला

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की मालकाला हमखास कुणीतरी एक मजकूर पाठवतं. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच असतो: "जुन्या गाडीच्या स्प्रिंगा थकून मऊ पडतात, म्हणून गाडी झोके घेते. मूळच्यापेक्षा जरा कडक स्प्रिंगा टाका. शॉकअपमधून तेल गळत नसेल तर त्याला हात लावू नका. खात्रीसाठी बॉनेट दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठणठणीत. बदलायचाच झाला तर गॅसचा घ्या, तो कडक असतो. एक गेला असेल तर एकच बदला. खर्च टाळायचा असेल तर स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवा."

हा सल्ला मानून लोक नको तो भाग विकत घेतात आणि रोज घरच्यांना घेऊन फिरणारी गाडी आधीपेक्षा बेभरवशाची करून ठेवतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"स्प्रिंगा थकून मऊ पडतात." खरा गोंधळ इथे सुरू होतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, मोकळ्या (दबू शकणाऱ्या) वेढ्यांची संख्या आणि पोलादाची मूळची ताठरता यांवर ठरतो. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन यातलं पोलाद बदलत नाही आणि वेढेही कमी-जास्त होत नाहीत. नवी असताना जितक्या वजनाला स्प्रिंग एक सेंटीमीटर दबायची, तितक्याच वजनाला ती आजही एक सेंटीमीटरच दबते. अपवाद गंजाचा. कडकपणाच्या हिशोबात तारेची जाडी चौथ्या घातात येते, त्यामुळे १२ मिलिमीटरची तार गंजून सगळीकडे ११.५ वर आली तर कडकपणा जवळपास १६ टक्क्यांनी उतरतो. पण इतकी खाल्लेली स्प्रिंग मऊ आहे की कडक यावर चर्चा करायची नसते. ती मोडायच्या आत काढायची असते.

वयाबरोबर स्प्रिंग बसते, हे मात्र खरं. सतत ओझ्याखाली राहून तिची मोकळी लांबी कायमची थोडी कमी होते आणि गाडी खाली येते. आता गंमत बघा, गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागा कमी उरते, बंप स्टॉप (चाक पुरतं वर गेलं की टेकतो तो रबरी ठोकळा) लवकर लागतो आणि गतिरोधकावर धाडकन आवाज येतो. म्हणजे स्प्रिंग बसल्याची खूण गाडी आदळण्यात दिसते, झोक्यात नाही.

बसली आहे की नाही हे ओळखायला टेप पुरते. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन मोकळं होऊ द्यायचं आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही त्यात मिसळते. चारही आकडे लिहून ठेवा, डावं-उजवं ताडून बघा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये उंची दिली असेल तर तिच्याशी जुळवा. डाव्या-उजव्यात एक सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, किंवा दोन्ही बाजू मूळ उंचीपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर खाली असतील, तर मी स्प्रिंगा बदलेन. तशी जोडीला टॉर्चही घ्या. बहुतेक स्प्रिंगा सगळ्यात खालच्या वेढ्यात, बैठकीजवळ मोडतात. तिथला रंग दगडांनी उडतो, चिखल साचतो, गंज धरतो. मोडलेलं टोक बैठकीच्या वाटीत लपून बसतं आणि गाडी वरवर नीटच दिसते. स्टिअरिंग वळवताना येणारा एखादा 'टक्' एवढाच काय तो इशारा.

"गाडी झोके घेते, म्हणून कडक स्प्रिंगा टाका." हा भाग सगळ्यात घातक आहे, म्हणून इथे जरा थांबतो. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. परत दिलेला तो जोर खाऊन टाकायचं काम शॉकअपचं. त्याच्यातला पिस्टन बारीक झडपांतून तेल ढकलतो आणि गाडीची उसळी तेलाच्या उष्णतेत जिरते. शॉकअप झिजला की जोर परत मिळतच राहतो, पण तो जिरवणारं कुणी उरत नाही. आपण म्हणतो गाडी मऊ झाली. खरं तर तिचा आवर गेलेला असतो.

थोडा हिशोब मांडतो. रोजच्या वापराच्या गाड्यांचं डॅम्पिंगचं गुणोत्तर, म्हणजे झोका किती लवकर जिरतो याचं माप, साधारण ०.२ ते ०.४ असतं. ०.३ धरू. गाडी एका उंचवट्यावरून उतरली तर एक पूर्ण हेलकावा झाल्यावर मूळ उसळीतले १०० मधले १४ भाग उरतात, म्हणजे गाडी जवळपास स्थिर होते. शॉकअप झिजून त्याचा जोर निम्म्यावर आला की उरतात सुमारे ३९. आता मजकुरात सांगितल्याप्रमाणे शॉकअप तोच ठेवला आणि ३० टक्के कडक स्प्रिंग टाकली, तर उरतात ४३. पैसे खर्च करून झोका वाढला! हे गणित गाडीला एक वजन आणि एक स्प्रिंग समजून केलेलं आहे, खऱ्या गाडीत बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि टायरही थोडा भार उचलतात. पण दिशा हीच राहते. कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपही तितकाच ताकदीचा लागतो, आणि आपण तर तिला आधीच थकलेल्या शॉकअपच्या हाती दिलेलं असतं. पहिल्या दिवशी गाडी 'टाइट' वाटते, कारण वळणावर ती कमी कलते. खडबडीत वळणावर ब्रेक मारायची वेळ आली की चाकं उडायला लागतात आणि उडत्या चाकाला पकड नसते.

"तेल गळत नसेल तर शॉकअप चांगला." माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. मागची बाजू डोलायला लागली होती. दाखवल्यावर पहिलं उत्तर आलं, स्प्रिंगा गेल्या. घरी येऊन टेपने मोजलं तर दोन्ही बाजू जवळपास मूळ उंचीवर. मग मागचा शॉकअप काढला. बाहेरून कोरडा ठाक, धुळीचा थर तसाच. उभा धरून दांडा दाबला, तर पहिले दोन सेंटीमीटर काहीच लागलं नाही, रिकाम्या पिचकारीसारखा आत गेला. मग एकदम अडला, पुन्हा सुटला. सोडला तर जिथे होता तिथेच राहिला. शेजारी नवा धरला, त्याच बनावटीचा, गॅस भरलेला. दाबताना पहिल्या मिलिमीटरपासून सलग विरोध, ओढताना त्याहून जास्त, आणि सोडल्यावर दांडा आपणहून हळूहळू बाहेर. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही. जुन्याच्या दांड्यावरचा बंप स्टॉप बोटांनी नुसता दाबला तर त्याचा चुरा झाला. दोन्ही शॉकअप, दोन्ही बंप स्टॉप आणि धूळ अडवणारी रबरी कव्हरं बदलली, स्प्रिंगा त्याच ठेवल्या. डोलणं थांबलं.

झडपा झिजतात, तेल पातळ होतं, गॅस निघून जातो. यातल्या कशालाही बाहेर थेंब दिसण्याची गरज नसते. उलट दांड्याजवळ नुसता तेलकट ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही. दांडा दर वेळी तेलाचा पुसट थर घेऊन बाहेर येतो, तो नसेल तर सीलच जळेल. ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र शॉकअप संपला.

"बॉनेट दाबून बघा." ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप ओळखते, अर्धमेल्याला पास करते. हाताने दाबल्यावर गाडीचं धड हलतं, सेकंदाला एक-दीड हेलकावा या चालीने. रस्त्यावर चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं, आणि ते आवरायची झडप तुमच्या हाताच्या दाबाने कधी जागीच होत नाही. शिवाय जुन्या गाडीचे जड झालेले बॉल जॉइंट आणि कडक बुश घर्षणानेच झोका थांबवतात, श्रेय मिळतं शॉकअपला. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. पृष्ठभाग ठरावीक अंतराने उंचसखल लागला तर चाक रस्त्यावर उड्या मारत आलं आहे. बॅलन्सिंग बिघडल्यानेही असं होतं, म्हणून ते आधी तपासायचं. लांब गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा खाली-वर करते का, आणि आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर वळताना मागची बाजू बाजूला सरकते का, हेही बघा.

"गॅसचा घ्या, तो कडक असतो." अर्धं खरं. गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. गॅसचा दाब तेलात फेस होऊ देत नाही, म्हणून खराब रस्त्यावर बराच वेळ चालूनही त्याचा जोर टिकतो. दोन नळ्यांच्या बनावटीत हा दाब थोडा असतो, एका नळीच्या मोनोट्यूबमध्ये साधारण २० ते ३० बार. मोनोट्यूबच्या ११ मिलिमीटरच्या दांड्यावर २५ बारचा दाब म्हणजे जवळपास २४ किलोचा जोर दांड्याला बाहेर ढकलतो. त्यामुळे नवा शॉकअप लावल्यावर गाडी किंचित वर येते आणि लोकांना वाटतं, चला, स्प्रिंगही सुधारली. पण वजन पेलायचं काम शॉकअपचं नाही. बसलेल्या स्प्रिंगवर गॅसचा शॉकअप हा इलाज नव्हे.

मग घ्यायचा कोणता? रोजच्या गाडीसाठी मी मूळ मापाच्या, मूळ स्प्रिंगसाठीच जुळवलेल्या शॉकअपच्या बाजूने आहे. चांगल्या कंपन्या हा भेद स्वतःच करतात. बिल्स्टाइनचा बी४ मूळच्या जागी बसणारा, बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगवरच पण ताकदीचा मोनोट्यूब, आणि बी८ गाडी खाली उतरवणाऱ्या स्प्रिंगसाठी आखूड केलेला. मूळ स्प्रिंगवर बी८ लावणं म्हणजे गाडीसाठी न बनलेला भाग चढवणं. केवायबीचा एक्सेल-जी दोन नळ्यांचा, मूळच्या जवळ जाणारा. आणि स्प्रिंग खरंच बदलायची असेल तर नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला इंजिन, गिअरबॉक्स आणि जादा साधनांच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात, तारेवरचे रंगाचे पट्टे त्याच खुणेसाठी असतात. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली एकत्र जोडणी) असेल तर शॉकअप काढताना स्प्रिंग उतरवावीच लागते. तेव्हा स्प्रिंग गंजलेली किंवा काठावर बसलेली असेल तर त्याच मजुरीत बदलणं शहाणपणाचं. पण मूळ कडकपणाचीच.

"एक गेला तर एकच बदला." नको. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असेल तर ब्रेक मारताना दोन चाकं दोन तऱ्हेने वागतात. एका आक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, जोडी एकत्र बदलायची, स्प्रिंगचंही तेच. जोडी हल्लीच बदलली असेल आणि एकाला अपघातात मार बसला असेल तरच एक चालेल, तोही त्याच पार्ट नंबरचा.

रबरी बफरबद्दल थोडक्यात. सहा मोकळ्या वेढ्यांपैकी एक अडवला की पाच उरतात आणि स्प्रिंग २० टक्के कडक होते, म्हणजे वर सांगितलेला तोच झोका परत. त्यात बफरखाली ओल आणि कचरा धरतो, रंग घासला जातो आणि स्प्रिंग तिथेच मोडायला लागते. हा बफर काढून टाका.

बसवण्याच्या कामातही चांगला भाग वाया जातो. स्ट्रटची स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये (स्प्रिंग दाबून धरायच्या अवजारात) दाबलेली असताना तिच्यात किती जोर असतो याचा अंदाज ठेवा: मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग १५ सेंटीमीटर दाबली की पावणेचारशे किलोच्या वर. तिच्या टोकासमोर तोंड नेऊ नका, आणि कॉम्प्रेसर साधासुधा असेल तर हे काम सवय असलेल्याकडेच द्या. वरचा नट सैल करताना दांडा पकडीने धरायचा नाही, ओरखडा पडला की तोच ओरखडा नवं सील कापतो. दोन नळ्यांचा शॉकअप आडवा ठेवलेला असतो, म्हणून लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, म्हणजे आतली हवा जागेवर जाते. वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग जुनंच चढवलं तर खडखड तशीच राहते. स्ट्रट बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते.

आणि रबरी बुशांचे बोल्ट चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. तसे आवळले की जमिनीवर उतरताच बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या आणि मगच पान्हा फिरवा.